डॉक्टर होऊन परतलेल्या कल्याणच्या आनंदीबाईंचा जीव नेमका कशाने गेला?

सकाळची बदलापूर लोकल. अंबरनाथला डबा भरतो, उल्हासनगरला दारात लटकायलाही जागा उरत नाही. तेवढ्यात कुणीतरी खोकतं. एकदा, दोनदा, मग थांबतच नाही. शेजारचे तोंड फिरवतात, कुणी रुमाल काढतं, कुणी हवा बदलतेय म्हणून विषय संपवतं. विठ्ठलवाडी जातं, कल्याण येतं, अर्धा डबा रिकामा होतो आणि तो खोकलाही गर्दीत मिसळून जातो.

याच कल्याणात, स्टेशनच्या गजबजाटापासून दूर, पारनाक्याच्या जुन्या वस्तीत दीडशे वर्षांपूर्वी एक मुलगी वाढली. ती सातासमुद्रापार गेली, डॉक्टर झाली आणि पदवी हातात पडल्यावर वर्षही पुरं व्हायच्या आत गेली. नाव डॉ. आनंदीबाई जोशी. परदेशात जाऊन पाश्चात्त्य वैद्यकशास्त्राची पदवी घेणारी पहिली भारतीय स्त्री.

त्यांच्यावर कादंबरी आली, नाटक आलं, २०१९ मध्ये समीर विद्वांस यांचा सिनेमाही आला. त्यामुळे त्यांची गोष्ट बहुतेकांना माहीत असते. पण त्या कशाने गेल्या असं विचारलं की उत्तरं वेगवेगळी येतात. अमेरिकेची थंडी सोसली नाही. शाकाहारामुळे अंगात ताकद राहिली नाही. समुद्रप्रवास बाधला. खरं कारण यातलं एकही नव्हतं, आणि ते समजून घेणं आजही गरजेचं आहे, कारण ते कारण अजून आपल्यातच आहे.

पारनाक्यावरची यमुना

आनंदीबाईंचा जन्म ३१ मार्च १८६५ चा. माहेरचं नाव यमुना. वडील गणपतराव अमृतेश्वर जोशी हे कल्याणच्या एका जुन्या जमीनदार घराण्यातले, पण घराण्याचे चांगले दिवस तोवर मागे पडले होते.

वयाच्या नवव्या वर्षी यमुनेचं लग्न झालं. नवरा गोपाळराव जोशी, तिच्यापेक्षा सुमारे वीस वर्षांनी मोठे, बिजवर आणि पोस्टात कारकून. सासरी तिचं नाव आनंदी ठेवलं गेलं. गोपाळराव स्वभावाने विक्षिप्त आणि हट्टी. बायकोला शिकवायचंच, हा त्यांचा सगळ्यात मोठा हट्ट. ज्या काळात शिकणाऱ्या बाईकडे लोक वाकड्या नजरेने बघायचे, त्या काळात हा माणूस बायको अभ्यास न करता स्वयंपाकघरात दिसली तर चिडायचा.

या हट्टाला दुसरी बाजूही होती. पुढे अमेरिकेतून नवऱ्याला लिहिलेल्या पत्रात आनंदीबाईंनी लहानपणी खाल्लेला मार, अंगावर फेकलेल्या वस्तू, सोडून जायच्या धमक्या हे सगळं स्पष्टपणे मांडलं. तरी आपल्या शिक्षणाचं श्रेयही त्यांनी त्यांनाच दिलं. त्यामुळे गोपाळरावांना नुसतं देवमाणूस किंवा नुसतं खलनायक म्हणून मोकळं होता येत नाही.

दहा दिवसांचं बाळ

चौदाव्या वर्षी आनंदीबाईंना मुलगा झाला. तो दहा दिवस जगला.

बायकांना तपासायला बाई डॉक्टर नाही आणि पुरुष डॉक्टरसमोर जायची सोय नाही, अशी तेव्हाची परिस्थिती होती. बाळंतपणात बाई किंवा बाळ दगावणं ही घरोघरची गोष्ट होती. आपल्या बाळाला वेळेवर उपचार मिळाले नाहीत, ही खंत आनंदीबाईंच्या मनात घर करून राहिली. आपण डॉक्टर व्हायचं, हे तिथून पक्कं होत गेलं.

गोपाळरावांच्या बदल्या होत राहिल्या. अलिबाग, कोल्हापूर, मुंबई, भूज, मग कलकत्ता. कोल्हापुरात असताना त्यांनी रॉयल वाइल्डर या अमेरिकन मिशनऱ्याला पत्र लिहिलं होतं. बायकोला अमेरिकेत शिकवायचं आहे, मदत मिळेल का, असा त्याचा आशय. धर्मांतराच्या अटीवर मदत गोपाळरावांना नको होती, त्यामुळे तो विषय तिथेच थांबला. पण वाइल्डरने तो पत्रव्यवहार आपल्या मासिकात छापला आणि न्यू जर्सीतल्या रोझेल गावच्या थिओडिसिया कार्पेंटर या बाईंच्या हाती तो अंक पडला. दातांच्या डॉक्टरकडे नंबर यायची वाट बघताना त्यांनी तो सहज चाळला होता! त्यांनी आनंदीबाईंना पत्र धाडलं आणि दोघींमध्ये मावशी-भाचीसारखं नातं जुळलं.

आजार अमेरिकेच्या आधीच सुरू झाला होता

आता नीट लक्ष द्या, कारण गोष्टीतला हा भाग बहुतेक वेळा गाळला जातो.

कलकत्त्यात असतानाच आनंदीबाईंची तब्येत बिघडू लागली होती. अशक्तपणा, सतत डोकेदुखी, मधूनमधून ताप, कधी कधी धाप लागणं. कार्पेंटरबाईंनी अमेरिकेहून औषधं पाठवली, पण गुण आला नाही. हे सगळं बोटीत पाय ठेवण्याआधीचं आहे. तेव्हा अमेरिकेच्या थंडीचा वाराही त्यांना लागलेला नव्हता.

फेब्रुवारी १८८३ मध्ये सेरामपूरच्या कॉलेजात त्यांनी जाहीर भाषण केलं. समुद्र ओलांडणं तेव्हा धर्मबाह्य समजलं जायचं आणि टीका चहूबाजूंनी होत होती. १७ वर्षांच्या या मुलीने लोकांसमोर उभं राहून आपण का जातोय ते सांगितलं. हिंदुस्थानातल्या बायकांना बाई डॉक्टरांची गरज आहे आणि आपण हिंदू म्हणून जाऊन हिंदू म्हणूनच परत येऊ, असं त्या बोलल्या. एप्रिलमध्ये त्यांनी कलकत्त्याहून बोट पकडली. गोपाळराव मागेच राहिले. जूनमध्ये त्या न्यूयॉर्कला उतरल्या, तेव्हा कार्पेंटरबाई त्यांना घ्यायला आल्या होत्या.

फिलाडेल्फियाच्या विमेन्स मेडिकल कॉलेज ऑफ पेनसिल्व्हेनियामध्ये त्यांना प्रवेश मिळाला. कॉलेजच्या डीन रेचेल बॉडली यांनी त्यांना आपलंसं केलं. नवा देश, बर्फ पडणारे हिवाळे, शाकाहाराचा नेम, रात्रंदिवस अभ्यास आणि अंगात मुरत चाललेला आजार. तीन वर्षं त्यांनी हे सगळं एकत्र पेललं. प्राचीन हिंदूंच्या प्रसूतिशास्त्रावर प्रबंध लिहिला. ११ मार्च १८८६ ला पदवी मिळाली. समारंभाला पंडिता रमाबाई हजर होत्या आणि व्हिक्टोरिया राणीकडून अभिनंदनाचा संदेश आला. कोल्हापूर संस्थानाने आल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलच्या स्त्री विभागाची जबाबदारी त्यांना देऊ केली.

वर्षअखेरीस त्या गोपाळरावांसोबत मुंबईत परतल्या, पण खूप आजारी होऊन. पुढे पुण्यात उपचार चालू राहिले, पण उतार पडला नाही. २६ फेब्रुवारी १८८७ ला पुण्यात त्यांचा मृत्यू झाला. पदवीला वर्ष पुरं व्हायला १३ दिवस कमी होते आणि बाविसावा वाढदिवस महिनाभरावर आला होता. कोल्हापूरची खुर्ची रिकामीच राहिली.

आजाराचं नाव होतं क्षयरोग. आज आपण त्याला टीबी म्हणतो.

त्यांच्या आयुष्याच्या वेळापत्रकातच टीबीचा शोध लागला

क्षय हा फार जुना आजार. आयुर्वेदात त्याला राजयक्ष्मा म्हटलंय. पण तो कशाने होतो, यावर शतकानुशतकं अंदाजच चालले होते. घराण्यातून येतो, नाजूक प्रकृतीच्या माणसाला होतो, दुःखाने होतो, वाईट हवेने होतो.

आनंदीबाईंचा जन्म झाला त्याच वर्षी, १८६५ मध्ये, विल्मॅं नावाच्या फ्रेंच डॉक्टरने सशांवर प्रयोग करून दाखवलं की क्षय एका प्राण्यातून दुसऱ्यात जाऊ शकतो, म्हणजे तो संसर्ग आहे. त्याच्यावर फारसा कुणी विश्वास ठेवला नाही. मग २४ मार्च १८८२ ला बर्लिनमध्ये रॉबर्ट कॉख यांनी क्षयाचा जीवाणूच शोधून दाखवला. म्हणून आजही २४ मार्च हा जागतिक क्षयरोग दिन असतो. त्यानंतर साधारण वर्षभराने आनंदीबाई बोटीत बसल्या.

म्हणजे त्या डॉक्टरकी शिकत होत्या तेव्हा त्यांच्या आजाराचा गुन्हेगार सापडला होता, पण त्याला मारायचं औषध कुणाकडेच नव्हतं. विश्रांती, मोकळी हवा, दूधदुभतं, कॉडलिव्हर तेल, एवढ्यावरच सगळा भर. एक्स-रेचा शोध लागला १८९५ मध्ये. बीसीजी लस पहिल्यांदा दिली गेली १९२१ मध्ये. टीबीवर चालणारं पहिलं प्रतिजैविक, स्ट्रेप्टोमायसिन, मिळालं १९४३ मध्ये. ते सापडलं अमेरिकेतल्या रटगर्स विद्यापीठात. हे विद्यापीठ न्यू जर्सीत आहे, आनंदीबाई जिथे कार्पेंटरबाईंच्या घरी उतरल्या होत्या त्या रोझेलपासून फार लांब नाही. औषध तिथेच सापडलं, पण त्यांच्या मृत्यूनंतर ५६ वर्षांनी.

सर्दी, फ्लू, न्यूमोनिया, टीबी: फरक काय?

आपण खोकल्याला सरसकट खोकला म्हणतो, पण त्याच्या मागे वेगवेगळे जंतू असतात.

नाकापासून फुप्फुसातल्या वायुकोशांपर्यंतचा रस्ता म्हणजे श्वसनमार्ग. त्याचे सोयीसाठी दोन भाग करतात. नाक, सायनस आणि घसा हा वरचा भाग. श्वासनलिका आणि फुप्फुसं हा खालचा.

*साधी सर्दी.* बहुतेक वेळा ऱ्हायनो नावाच्या विषाणूमुळे होते. त्याचे शंभरहून जास्त प्रकार आहेत, म्हणून एकदा होऊन गेली तरी पुन्हा होते. आठवडा-दहा दिवसांत आपली आपण बरी होते.

*फ्लू.* इन्फ्लुएन्झा विषाणूचं काम. अचानक जोरात ताप, अंगदुखी, थकवा. म्हातारी माणसं, गरोदर बायका आणि मधुमेहींना यातून गुंतागुंत होऊ शकते. त्यासाठी लस आहे.

*घसा दुखणं.* बहुतेकदा विषाणू, काही वेळा स्ट्रेप्टोकोकस हा जीवाणू. मुलांमध्ये या जीवाणूकडे दुर्लक्ष झालं तर पुढे हृदयाच्या झडपांवर परिणाम होऊ शकतो.

*घटसर्प आणि डांग्या खोकला.* दोन्ही जीवाणूंमुळे होतात. एके काळी घरंच्या घरं यात मुलं गमवायची. सरकारी दवाखान्यात मिळणाऱ्या लसींमुळे आता ते क्वचित दिसतात. म्हणून बाळाचे डोस चुकवायचे नाहीत.

*न्यूमोनिया.* यात वायुकोशांमध्ये पाणी किंवा पू साठतो. न्यूमोकोकस हा जीवाणू यातला मोठा गुन्हेगार, पण विषाणूंमुळेही होतो. लहान मुलाचा श्वास जोरजोरात चालू असेल, छाती आत ओढली जात असेल तर वाट न बघता दवाखाना गाठा.

*टीबी.* मायकोबॅक्टेरियम ट्यूबरक्युलोसिस हा जीवाणू. हा सावकाश वाढतो आणि इथेच माणूस फसतो. दोन दिवसांत आडवं पाडणारा फ्लू लगेच कळतो. टीबी महिनोन्महिने थोडा खोकला, संध्याकाळचा बारीक ताप, रात्री घाम, घटणारं वजन, मंदावलेली भूक अशा खुणा दाखवत राहतो. आनंदीबाईंचा अशक्तपणा आणि अधूनमधून येणारा ताप आठवा.

आणखी एक गोष्ट. अँटिबायोटिक म्हणजे प्रतिजैविकं फक्त जीवाणूंवर चालतात. सर्दी-फ्लूच्या विषाणूंवर त्यांचा काहीही उपयोग नाही. मेडिकलमधून मनाने घेतलेल्या अर्धवट कोर्सने सर्दी बरी होत नाहीच, उलट खऱ्या गरजेच्या वेळी औषध चालेनासं होण्याचा धोका वाढतो.

मग थंडीचा आणि शाकाहाराचा दोष होता का?

थंडीने टीबी होत नाही. शाकाहाराने होत नाही. समुद्र ओलांडून तर नाहीच. जीवाणू शरीरात गेल्याशिवाय टीबी होऊच शकत नाही.

पण जीवाणू आत गेला म्हणजे आजार झालाच, असंही नाही. बहुतेकांची प्रतिकारशक्ती त्याला दाबून ठेवते आणि तो वर्षानुवर्षं गप्प बसून राहतो. संसर्ग झालेल्या शंभरातल्या साधारण पाच ते दहा जणांनाच आयुष्यात कधीतरी प्रत्यक्ष आजार होतो. तो कुणाला होतो? ज्याचं पोषण कमी पडतं, ज्याला मधुमेह किंवा एचआयव्ही आहे, जो विडी-सिगारेट ओढतो, जो बंद कोंदट जागेत राहतो.

म्हणून शाकाहार हा मुद्दाच नाही, पोट भरतंय का आणि प्रथिनं मिळतात का हा आहे. झारखंडमध्ये झालेल्या आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात टीबी रुग्णांच्या घरच्यांना जादा शिधा दिला गेला. फक्त तेवढ्याने त्या घरांमध्ये नव्याने टीबी होण्याचं प्रमाण सुमारे ३९ टक्क्यांनी कमी झालं.

कोवळ्या वयातलं बाळंतपण, अपुरं खाणं, अभ्यासाचा ताण आणि थंडी यांनी आनंदीबाईंचं शरीर पोखरलं असेल आणि जीवाणूचं फावलं असेल. पण मारेकरी जीवाणूच होता. हा फरक महत्त्वाचा आहे, कारण दोष थंडीला दिला की तपासणी राहून जाते. आजही तेच होतं. हवा बदलली, धूळ आहे, एसी लागला, गाडीच्या दारात उभं राहून वारा लागला असं म्हणत आपण महिना काढतो.

उल्हासनगर ते बदलापूर: इथे काळजी जास्त का?

आनंदीबाईंच्या काळात उल्हासनगर नव्हतंच. दुसऱ्या महायुद्धात इथे लष्कराची छावणी उभी राहिली, तिचं नाव कल्याण कॅम्प. फाळणीनंतर लाखाच्या घरात सिंधी निर्वासित या बराकींमध्ये आले आणि १९४९ मध्ये वसाहतीला उल्हासनगर हे नाव मिळालं. आजही लोक पत्ता सांगताना कॅम्प नंबर सांगतात. २०११ च्या जनगणनेत साधारण १३ चौरस किलोमीटरच्या या शहरात पाच लाखांहून जास्त माणसं होती. पुढे अंबरनाथ आणि बदलापूर मुंबईत घर न परवडणाऱ्यांना सामावून घेत वाढत गेले.

टीबीचा जीवाणू खोकल्यातून, शिंकेतून, अगदी बोलण्यातूनही हवेत येतो आणि बंद जागेत तासन्‌तास तरंगत राहू शकतो. ऊन आणि वाहती हवा हे त्याचे शत्रू. एकाला एक चिकटलेल्या इमारती, खिडकी उघडली की समोर भिंत, एका खोलीत पाच-सहा माणसं आणि छोटे बंदिस्त कारखाने. अशा ठिकाणी त्याचं काम सोपं होतं. लोकलच्या डब्यापेक्षाही रोज तासन्‌तास एकत्र राहणाऱ्या घरच्यांना आणि कामावरच्यांना धोका जास्त असतो.

ताट-वाटी, कपडे, हस्तांदोलन यांतून टीबी पसरत नाही. तरीही रुग्णाचं ताट वेगळं काढलं जातं, आणि खिडकी मात्र बंदच राहते. करायला हवं बरोबर याच्या उलट.

आज काय करता येतं?

जगातल्या साधारण चार टीबी रुग्णांपैकी एक भारतात आहे. पण आनंदीबाईंना जे मिळालं नाही ते सगळं आज आपल्याकडे आहे, आणि सरकारी दवाखान्यात फुकट आहे.

• दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला असेल, वजन घटत असेल, संध्याकाळी ताप येत असेल किंवा थुंकीतून रक्त पडत असेल तर थुंकीची तपासणी करून घ्या.

• साध्या टीबीचा उपचार साधारण सहा महिन्यांचा असतो. पहिल्या काही आठवड्यांतच बरं वाटू लागतं आणि अनेक जण तिथेच गोळ्या सोडतात. तसं केलं तर औषधांना दाद न देणारा टीबी होण्याची भीती असते. कोर्स पुरा करा.

• घरात एकाला टीबी निघाला तर बाकीच्यांनीही तपासून घ्या, लहान मुलांना तर आधी.

• निक्षय पोषण योजनेतून उपचार चालू असताना आहारासाठी महिन्याला १,००० रुपये रुग्णाच्या खात्यात येतात. नोंदणी झाली आहे ना, ते दवाखान्यात विचारा.

• खोकताना तोंडावर रुमाल किंवा कोपर, आणि घराच्या खिडक्या उघड्या.

लपवू नका, हे सगळ्यात महत्त्वाचं. लग्न मोडेल, नोकरी जाईल, सोसायटीत नाव होईल, या धास्तीने कितीतरी लोक, त्यातही तरुण मुली, खोकला दडवतात. आनंदीबाई स्वतः डॉक्टर होत्या. त्यांच्या पाठीशी दोन देशांतली माणसं उभी होती, तरी त्या वाचल्या नाहीत, कारण औषधच नव्हतं. आता औषध आहे. टीबी पूर्ण बरा होतो.

आनंदीबाईंच्या अस्थी गोपाळरावांनी कार्पेंटरबाईंकडे पाठवल्या. न्यूयॉर्क राज्यातल्या पोकिप्सी इथे त्यांच्या कौटुंबिक दफनभूमीत त्या ठेवलेल्या आहेत. शुक्र ग्रहावरच्या एका विवरालाही आनंदीबाईंचं नाव दिलं गेलंय.

त्या शेवटचे दिवस मोजत होत्या तेव्हाही मुंबईहून पुण्याला जाणारी रेल्वे कल्याण, अंबरनाथ, बदलापूर अशीच जात होती. आज त्याच रुळांवरून तुम्ही-आम्ही रोज जातो. उद्या डब्यात शेजारचा कुणी बरेच दिवस खोकताना दिसला, तर तोंड फिरवण्याआधी एकदा विचारा, थुंकी तपासली का म्हणून. आणि तो खोकला तुमच्याच घरात असेल तर आजच जा.